चौल की रेवदंडा? एका बंदराची दोन गावं

मांडव्याला उतरले तेव्हा मामा न्यायला आले होते आणि गाडीत बसल्या बसल्या त्यांचा पहिला प्रश्न, "मग, आधी कुठे? चौल की रेवदंडा?" मी म्हटलं मामा दोन्ही एकच ना, सगळीकडे चौल-रेवदंडा असंच तर लिहितात. त्यांनी चक्क मान वळवून माझ्याकडे बघितलं. "एकच कसं असेल गं? चौल वेगळं, रेवदंडा वेगळा. तुझ्या आजीच्या समोर बोलली असतीस ना असं..."

माझं आजोळ नागावचं. लहानपणी मे महिना सगळा तिथे जायचा, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जायचो तेव्हा त्या मोठ्या काळ्या भिंतीला सायकली टेकवून ठेवायचो आणि पाण्यात पळायचो. ती भिंत कोणी बांधली, कशाला बांधली, हे कधी कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गेली तीन-चार वर्षं कोकणच्या मध्ययुगीन इतिहासाबद्दल मिळेल ते वाचतेय आणि प्रत्येक ठिकाणी चौल पुढ्यात येतं. अरबांच्या लिखाणात चौल, रशियन व्यापाऱ्याच्या लिखाणात चौल, पोर्तुगीजांच्या तर पानापानावर. मग ठरवलं की आता सायकली टेकवलेली ती भिंत नीट बघायची, दोन दिवस घालवायचे, गडबड करायची नाही.

अलिबागहून दक्षिणेला निघालं की आधी आक्षी, मग नागाव, मग चौल, मग रेवदंडा. सगळा अष्टागराचा पट्टा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून अरुंद रस्ता, समोरून मिनीडोर रिक्षा आली की एकाने बाजूला थांबायचं. आक्षीला थांबलो कारण तिथे शिलाहार राजा केसिदेवराय याच्या नावाचा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांमधे त्याचं नाव घेतात. त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला शाळेत इतिहास शिकवला तो सगळा डोंगरातला, घाटावरचा, किल्ले म्हणजे सह्याद्री. आणि इथे हजारेक वर्षांपूर्वीच्या मराठीत राजा स्वतःला समुद्राचा मालक म्हणवून घेतोय. त्या दगडासमोर मी बराच वेळ उभी होते, मामा शेवटी म्हणाले चल आता ऊन चढेल.

चौलात शिरलं की पहिल्यांदा कळतच नाही की आपण एका शहरात आलोय. वाड्या, कौलारू घरं, मधेच एखादं तळं, एखादं देऊळ, पुन्हा वाडी. इथले लोक सांगतात चौलात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी होती. आकडा मोजलेला नसणार, पण फिरताना खरंच दर थोड्या अंतरावर दगडी बांधणीचं तळं लागतं, काहींमधे आता शेवाळं, काहींमधे बायका कपडे धुताहेत. एवढी तळी एका खेड्याला कशाला लागतील? ती शहराची तळी आहेत, शहर गेलं आणि तळी राहिली.

हे शहर किती जुनं, तर कान्हेरीच्या लेण्यांमधल्या दानलेखांत याचं नाव चेमुल असं येतं, म्हणजे इथले लोक तेव्हा तिथे दान देत होते. ग्रीकांनी सिमुल्ला लिहिलं, अरबांनी सैमूर, पोर्तुगीजांनी शाउल, आपल्या जुन्या कागदांत चेऊल. प्रत्येकाने आपल्या जिभेला जमेल तसं वळवलं पण नाव तेच राहिलं, जवळजवळ दोन हजार वर्षं. अशी किती गावं आहेत आपल्याकडे?

अरब प्रवासी अल मसुदी हिजरी 304 मधे, म्हणजे साधारण 916 साली इथे होता. तो लिहितो की सैमूरला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणांहून आलेले, आणि काही इथेच जन्मलेले ज्यांना बयासिरा म्हणायचे. राजा होता शिलाहारांचा झंझ, तो राष्ट्रकूटांचा मांडलिक. आणि मसुदी हेही सांगतो की या लोकांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असायचा, त्याला हुनरमन म्हणायचे, आणि त्याचे अधिकार राजाने मान्य केलेले होते. म्हणजे विचार करा, दहाव्या शतकात एक हिंदू राजा आपल्या बंदरातल्या परदेशी व्यापाऱ्यांना सांगतोय की तुमचे वाद तुम्ही तुमच्या कायद्याने मिटवा, फक्त व्यापार इथे करा. मला हे वाचल्यावर आनंद झाला होता आणि प्रत्यक्ष त्या जागेवर उभं राहिल्यावर जास्तच झाला. विड्याचं पान खायच्या इथल्या सवयीबद्दलही मसुदी लिहितो, आणि आम्ही ज्या वाडीत बसून शहाळं प्यायलो तिथे पोफळीवर नागवेल चढवलेली होती.

रामेश्वराचं देऊळ चौलातलं सगळ्यात प्रसिद्ध, समोर मोठी पुष्करणी, पाण्यात उलटं देऊळ दिसतं. आत पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत, ती झाकलेली असतात, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायचं अशी श्रद्धा आहे. मी गेले तेव्हा दुपार होती, देवळात कोणी नव्हतं, लाकडी खांबांच्या सभामंडपात गार वाटत होतं. तिथे थोडा वेळ बसून मग हमामखान्याकडे गेलो.

हमामखाना शोधायला जरा वेळ लागतो, झाडीत आहे. निजामशाही काळातलं स्नानगृह, घुमटाला प्रकाश आत यायला भोकं ठेवलेली, त्यातून उन्हाचे गोल तुकडे खाली जमिनीवर पडतात. आता छताला मुळं फुटलेली आहेत, भिंतीतून झाडं आलीत, आत वटवाघळांचा वास. मन खरंच दुखतं. अहमदनगरच्या निजामशाहीचं मुख्य बंदर हे, अरबस्तानातून इराणातून लोक इथे उतरायचे, महिना-दीड महिन्याचा समुद्र अंगावर घेऊन यायचे आणि पहिल्यांदा इथे गरम पाण्याने आंघोळ करायचे असतील. त्या माणसांच्या अंगावरचं मीठ इथे धुतलं गेलंय. आणि ती जागा आज अशी. जवळच राजकोट म्हणून जागा आहे, किल्ल्याचे थोडे अवशेष, बाकी सगळं वाड्यांच्या पोटात गेलंय.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं भांडण कळत नाही. चौलला माल कुठून यायचा आणि कशासाठी? वर घाटावर बहामनी, नंतर निजामशाही, आदिलशाही, सगळ्यांची सत्ता घोडदळावर उभी. आणि चांगला घोडा दख्खनमधे पैदा होत नाही, हवा मानवत नाही. तो यायचा होर्मुझहून, अरबस्तानातून, जहाजात उभा राहून. म्हणजे ज्याच्या हातात बंदर त्याच्या हातात घोडे, आणि ज्याच्या हातात घोडे त्याच्या हातात दख्खन. बदल्यात इथून कापड जायचं, सुती आणि रेशमी, धान्य जायचं. चौलचं रेशीम विणणारे कारागीर तर नावाजलेले होते.

1469 च्या सुमाराला अफनासी निकितीन नावाचा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी याच चौलला उतरला, वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. त्याच्याजवळ काय होतं? एक घोडा. होर्मुझहून आणलेला, शंभर रुबलचा असं तो स्वतः लिहितो. सगळी पुंजी त्या एका जनावरात. तो लिहितो की इथले लोक डोकं झाकत नाहीत, अंगावर कपडे कमी, केसांची एक वेणी, आणि मी गोरा म्हणून जिथे जाईन तिथे माझ्या मागे माणसं येतात. चौलहून तो घाट चढून जुन्नरला गेला आणि तिथल्या असदखान नावाच्या सरदाराने त्याचा घोडाच काढून घेतला, म्हणे मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो. शेवटी खुरासानच्या एका खोजा मुहम्मदने मधे पडून त्याला सोडवलं आणि घोडाही परत मिळवून दिला. परक्या मुलखात परक्या धर्माच्या माणसाने केलेली ही मदत निकितीन विसरला नाही, लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला माहितीये. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक उभारलंय, आम्ही बघून आलो. त्या आवारात मुलांचा खेळाचा तास चालू होता आणि एका मुलाने स्वतःहून येऊन मला सांगितलं की हा माणूस रशियातून आलेला. मला त्या मुलाचं कौतुक वाटलं खूप.

निकितीननंतर पन्नासेक वर्षांनी दुआर्ते बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने चौलच्या बाजाराचं वर्णन केलंय, ते माझं सगळ्यात आवडतं. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. गावापासून थोडं आत घाटावरचे व्यापारी तळ ठोकायचे, माल बैलांच्या पाठीवर लादलेला, आणि एकेक माणूस वीस-तीस बैल पुढे घालून हाकायचा. चार महिने जत्रा. मग पावसाच्या आधी सगळं उठायचं आणि गाव पुन्हा शांत. संध्याकाळी आम्ही भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरावर चढलो, पायऱ्या बऱ्याच आहेत, मामा दोनदा बसले, पण वर गेल्यावर सगळा भूगोल एकदम उलगडतो. खाली हिरवीगार वाड्यांची चादर, तिच्या पलीकडे रेवदंडा, त्याच्या पायाशी कुंडलिकेचं मुख आणि मुखाच्या त्या बाजूला समुद्रात घुसलेली कोर्लईची लांब सोंड. आणि पाठीमागे दूरवर सह्याद्रीची निळी रेघ. बैल तिकडून येणार, घोडे इकडून येणार, भेट इथे.

"बघ," मामा म्हणाले, "आता सांग, एक गाव आहे का दोन?"

दोनच आहेत. पोर्तुगीजसुद्धा दोन म्हणायचे, वरचं चौल आणि खालचं चौल. वरचं म्हणजे बाजाराचं, निजामशाहीतलं, जिथे आम्ही दिवसभर फिरलो ते. खालचं म्हणजे खाडीच्या तोंडावरचं, पोर्तुगीजांचं, आजचा रेवदंडा. मधे दोन-तीन किलोमीटर. एकाच्या हातात बाजार, दुसऱ्याच्या हातात दार. आणि इथली सव्वादोनशे वर्षं याच एका गोष्टीभोवती फिरतात की ज्याच्याकडे दार आहे त्याला बाजाराशिवाय उपाशी राहावं लागतं आणि ज्याच्याकडे बाजार आहे त्याला दाराशिवाय गुदमरायला होतं. म्हणून भांडायचे, आणि म्हणूनच दर भांडणानंतर पुन्हा तह करायचे. हे पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, डोंगरावरून बघितल्यावर शिरलं.

दुसऱ्या दिवशी रेवदंडा. मुख्य रस्ताच तटाला फोडून आत शिरतो, त्यामुळे किल्ल्यात आलोय हे बऱ्याच जणांना कळतही नाही. आत पुन्हा वाड्या, रिसॉर्ट, घरं, आणि मधेमधे एकदम एखादी प्रचंड कमान नाहीतर चर्चची अर्धी भिंत उभी. पोर्तुगीजांना इथे वखारीची परवानगी बुऱ्हाण निजामशहाकडून 1516 मधे मिळाली, 1521 मधे किल्ला बांधायची. फुकट नाही, घोडे चौलला उतरवू द्यायचे हा सौद्याचा भाग. किल्ला 1524 पर्यंत पुरा झाला. त्याच 1524 च्या सप्टेंबरमधे वास्को द गामा तिसऱ्या खेपेला हिंदुस्थानात आला, यावेळी व्हाइसरॉय म्हणून, आणि कारभार हातात घेतल्याचं त्याने जाहीर केलं ते इथेच, चौलला. त्याच डिसेंबरमधे कोचीनला तो वारला. किनाऱ्यावरून चालताना मी मामांना हे सांगितलं तर ते थांबलेच. सत्तर वर्षं इथे जाऊन-येऊन असलेला माणूस, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सातखणी मनोरा लांबूनच दिसतो. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा हा मनोरा, नावाप्रमाणे सात मजली होता, आता वरचे मजले पडलेत, उरलेला भाग तरी मान वर करून बघावा लागतो. पायथ्याला तोफा पडलेल्या आहेत, पर्यटक त्यांच्यावर बसून फोटो काढत होते. याच मठासाठी 1571 मधे माणसं मेली.

झालं असं की 1565 मधे तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगर हरवलं आणि त्यांना कळलं की एकत्र आलो तर काहीही जमतं. मग पुढचं लक्ष्य पोर्तुगीज. ठरलं असं की अली आदिलशहाने गोव्याला वेढा घालायचा, मुर्तजा निजामशहाने चौलला, आणि कालिकतच्या सामुतिरी राजाने समुद्रातून दाबायचं. 1570 च्या शेवटी फरहादखान पुढची तुकडी घेऊन चौलला आला, मागून खुद्द निजामशहा. पोर्तुगीज लेखक त्याच्या फौजेचा आकडा लाखाच्या वर नेतात, तो मला फुगवलेला वाटतो, घाट उतरून तेवढी फौज महिनोन्‌महिने पोसणं सोपं नाही. पण फौज मोठी होती यात शंका नाही. आणि गंमत म्हणजे तेव्हा रेवदंड्याच्या पूर्ण वस्तीला तट नव्हता! किल्ला होता, पण शहर उघडं. लोकांनी घाईघाईने चर खणले, घरांचेच बुरूज केले. गोव्यात सल्लागारांनी व्हाइसरॉय लुईस द आताईदला सांगितलं की चौल सोडून द्या, माणसं गोव्यात आणा. त्याने ऐकलं नाही, स्वतः वेढ्यात असताना इकडे जहाजं पाठवत राहिला.

सहा महिन्यांहून जास्त चाललं. फ्रान्सिस्कनांचा मठ वस्तीच्या कडेला होता, त्याच्यासाठी जोरदार झुंज झाली, मग एकेक घर. निजामशाही तोफा एक घर पाडणार, आतले लोक मागच्या घरात जाणार, पुन्हा ते घर. आज ज्या वाड्यांच्या मधून आपण आरामात चालतो, नारळ पडेल का म्हणून वर बघत, तिथे जमिनीखाली ही घरं आहेत. पण दार उघडं होतं ना, समुद्राचं. दारूगोळा येत राहिला, माणसं येत राहिली, सामुतिरीच्या जहाजांना ते तोडता आलं नाही. जूनच्या अखेरीचा मोठा हल्लाही फसला आणि जुलै 1571 मधे तह झाला. अहमदनगरच्या दरबारात वाढलेला इतिहासकार फिरिश्ता या अपयशाचं कारण वेगळंच देतो, तो म्हणतो निजामशाहीचे सरदारच फितूर झाले होते, पोर्तुगीज त्यांना दारूचे नजराणे पाठवायचे. असेलही. पण मला विचाराल तर वरच्या चौलच्या व्यापाऱ्यांनाही खालचं चौल जळून जावं असं मनापासून वाटत नसणार. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय जहाज समुद्रात नेता येत नव्हतं हे त्यांना सलत असणार, नक्की सलत असणार, पण माल त्याच दारातून जायचा.

शहराला वेढणारा तट त्यानंतर उभा राहिला. आमच्या सायकलींची भिंत. मी तिच्यावर हात ठेवून बघितला, खरखरीत, समुद्राच्या बाजूने खारं पाणी खाऊन खाऊन दगड झिजलेत. भरतीला लाटा अगदी पायाशी येतात.

दुपारी पूल ओलांडून कोर्लईला. सगळ्यांनी एकदा तरी जावं अशी जागा आहे ही, आणि शक्यतो ओहोटी-भरतीची वेळ बघून जावं म्हणजे खाडीचं मुख नीट समजतं. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या आहेत, ऊन होतं, मामा खालीच थांबले, मी एकटी वर गेले. किल्ला अरुंद आहे, लांबच लांब, डोंगराच्या कण्यावर बसवल्यासारखा, एकामागून एक दरवाजे लागत जातात, मधे बिनछपराचं चर्च, पाण्याचं टाकं. टोकाला जाऊन उभं राहिलं की उत्तरेला समोरच रेवदंडा, मधे फक्त खाडीचं पाणी.

मार्च 1508 ची लढाई इथे खाली झाली. तेव्हा ना रेवदंड्याचा किल्ला होता ना कोर्लईचा. लोरेन्सो द आल्मेदा, पहिल्या व्हाइसरॉयचा तरुण मुलगा, व्यापारी गलबतांना सोबत करत चौलला आला होता, नांगर टाकून बसला होता. समुद्रावर शिडं दिसली तर त्यांना वाटलं आपलाच सेनापती अल्बुकर्क येतोय. ते इजिप्तच्या ममलूक सुलतानाचं आरमार होतं, अमीर हुसेनचं, मसाल्याचा तांबड्या समुद्रातला व्यापार पोर्तुगीजांनी तोडला म्हणून थेट सुएझकडून आलेलं. मागून दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या नावा घेऊन आला. पोर्तुगीजांनी निघून जायचं ठरवलं, बाकीची जहाजं बाहेर पडली, लोरेन्सोच्या जहाजाला मागच्या बाजूला गोळा लागला, पाणी भरायला लागलं, आणि प्रवाहाच्या ओढीने ते जाऊन अडकलं कशात, तर कोळ्यांनी मासेमारीसाठी पाण्यात ठोकलेल्या खुंटांमधे. तिथून हलेना. लोरेन्सोची मांडी गोळ्याने फुटली, त्याने स्वतःला डोलकाठीपाशी बसवून घेतलं आणि हुकूम देत राहिला, दुसरा गोळा लागला तेव्हा गेला.

जगाच्या एवढ्या मोठ्या दोन आरमारांची लढाई, आणि निकाल लावला चौलच्या कुणा अनाम कोळ्याच्या खुंटांनी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता आणि कोर्लईच्या टोकावरून खाली बघितलं तर खाडीत आजही डोलीचे, म्हणजे मासेमारीच्या जाळ्याचे, खुंट उभे! पाण्यातून वर आलेल्या काठ्यांची रांग, त्यावर बगळे. पाचशे वर्षांत जहाजं बदलली, झेंडे बदलले, पण मासा कुठून आत येतो हे ज्याला माहीत त्याची काठी तिथेच.

बापाने सूड घेतला, डिसेंबर 1508 मधे दाभोळ जाळलं, जिथे लोरेन्सोला मारणाऱ्यांपैकी कोणीही नव्हतं, तिथल्या लोकांना कापून काढलं. मग फेब्रुवारी 1509 मधे दीवच्या लढाईत ममलूक आरमार संपवलं. दाभोळबद्दल पोर्तुगीज लेखकांनी लिहिलेलं वाचवत नाही. चौलच्या लढाईची किंमत दाभोळच्या बायकापोरांनी दिली, हे या जागेवर उभं राहून विसरता येत नाही.

कोर्लईच्या या टेकाडाचं महत्त्व निजामशाहीला उशिरा कळलं. बुऱ्हाण दुसरा याने 1590 नंतर इथे किल्ला बांधायला घेतला, तोफा थेट रेवदंड्याच्या दारावर. म्हणजे खरं तर बाजारवाल्याने दारावर दुसरं दार बांधलं. पोर्तुगीजांना श्वास घेणं कठीण झालं आणि सप्टेंबर 1594 मधे त्यांनी सगळी ताकद जमवून हल्ला केला. पोर्तुगीज लिहितात की पळापळीत दरवाजात एक हत्ती पडला आणि त्याच्या धुडामुळे दरवाजा लावताच आला नाही. खूप माणसं मेली. पुढच्याच वर्षी बुऱ्हाणही गेला, आणि थोड्या वर्षांत निजामशाहीच कोसळायला लागली. आता जो किल्ला दिसतो त्यातलं बरंचसं काम पोर्तुगीजांचं.

पुढचं भराभर. संभाजी महाराजांनी 1683 मधे चौलला वेढा घातला, त्याला उत्तर म्हणून पोर्तुगीज व्हाइसरॉय मराठ्यांच्या फोंडा किल्ल्यावर चालून गेला. मे 1739 मधे चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि त्यानंतर पोर्तुगीजांना गोव्याच्या उत्तरेला टिकणं शक्यच नव्हतं, 1740 च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पण तोवर बाजारच उठून गेला होता. सुरत मोठं झालं, मग मुंबई मोठी झाली, चौलचे विणकर मुंबईला गेले, काळबादेवीच्या बाजूला चेऊलवाडी आहे ती याच चेऊलची आठवण. दोनशे वर्षं ज्या दारासाठी रक्त सांडलं ते मिळालं तेव्हा त्यातून जाणारं फारसं काही उरलं नव्हतं.

माणसं मात्र राहिली. रेवदंड्यात बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, इथले लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे कारण ते घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आणि कोर्लई गावात ख्रिस्ती वस्ती आहे, ते घरात जी भाषा बोलतात ती पोर्तुगीज आणि मराठी मिसळून इथेच तयार झालेली, तिला ते नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. हजाराच्या आसपास बोलणारे. पोर्तुगीज इथून जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी आई मुलाला त्या भाषेत हाक मारते. किल्ल्यावरून उतरून गावातून येताना ओट्यावर दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या, मी मुद्दाम चाल मंद केली. चालीवरून मराठी वाटत होतं आणि एक शब्द कळत नव्हता.

संध्याकाळी परत रेवदंड्यात आलो, मामींनी मासे आणायला सांगितले होते म्हणून बाजारात शिरलो. कोर्लईकडच्या कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, ताजी बोंबील, कोळंबी, मांदेली. एकीकडे बसून भाव करत होते तर तिने विचारलं, "कुठशी आल्या ताई? मुंबईच्या?"

मी म्हटलं, नाही हो मावशी, चौलातून.

तिने कोळंबी तोलता तोलता वर बघितलं. "चौलातून का रेवदंड्यातून?"

मामा मागे उभे होते, ते हसायला लागले.